व्हीलचेअरवरचं रेडिओ स्टेशन: बसवणं आणि उतरवणं

हॅमचं, म्हणजे स्वतःच्या वायरलेस सेटवरून लांबच्यांशी बोलायच्या छंदाचं, लायसन्स माझ्याकडे १९८६ सालापासून आहे, बॅटरीवरची व्हीलचेअर मात्र अलीकडची. मधला सगळा काळ डाव्या पायात कॅलिपर आणि काखेत कुबडी यांवर निघाला. पोलिओ लहानपणीच होऊन गेलेला, त्याचं आता काही वाटत नाही. पण पन्नाशी उलटल्यावर उजवा, म्हणजे घरात ज्याला 'चांगला पाय' म्हणायचे, तोही दमायला लागला. पोलिओत काही मज्जापेशी मरतात आणि उरलेल्या पेशी त्यांच्या वाटचे स्नायू सांभाळून घेतात. तीसचाळीस वर्षं असा ओव्हरटाइम केल्यावर त्याही थकतात. याला पोस्ट पोलिओ सिंड्रोम म्हणतात. ही ताकद व्यायामाने भरून येत नाही, उलट जास्त ताणलं तर आणखी जाते. तेव्हा हट्ट सोडला आणि खुर्ची घेतली.

घरच्यांना वाटलं मी खचलो असेन. माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. कुबडीवर चालणाऱ्या माणसाचा एक हात कायम अडकलेला असतो. सेट, बॅटरी, अँटेना, वायरींचं भेंडोळं असं सगळं घेऊन आमराईपर्यंत जायचं म्हणजे बरोबर कोणीतरी हवंच, आणि ते कोणीतरी म्हणजे माझा पुतण्या. त्याला सुट्टी असेल तेव्हा माझा छंद. आता वजन खुर्ची वाहणार होती आणि माझे दोन्ही हात मोकळे राहणार होते.

म्हणून सुरुवातीलाच स्वतःला एक अट घालून घेतली. खुर्चीला जे काही लावीन ते मला एकट्याला, बसल्या जागेवरून, कोणाला हाक न मारता लावता आलं पाहिजे आणि तसंच काढताही आलं पाहिजे. यातलं काढणं जास्त महत्त्वाचं. खुर्चीतून पलंगावर सरकायचं तर त्या बाजूचा आर्मरेस्ट वर उचलून फळी टाकावी लागते. मध्ये एखादी वायर जरी आडवी आली तरी पंचाईत. रात्री दोन वाजता बाथरूमला जाताना तर फारच. हे झालं रोजचं कारण. दुसरं कारण म्हणजे कृष्णामाई. आमचं घर सांगलीच्या गावभागात. २००५ला पाणी घरात आलं, २०१९ला आलं, २०२१लाही आलं. आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी; २०१९ला नदी ५७ फुटांच्या घरात गेली होती. वीज गेली, मग मोबाइलला रेंज मिळेना. अशा वेळी रेडिओ खुर्चीला नटबोल्टने आवळलेला आणि खुर्ची गुडघाभर पाण्यात, असं असेल तर तो रेडिओ घेऊन काय करायचंय?

सेट माझ्याकडे होताच. यासूचा एफटी-८१७, पाच वॅटचा, वजन किलोभराच्या थोडं वर. शॉर्टवेव्हपासून व्हीएचएफ-यूएचएफपर्यंत सगळं त्यात आहे. पुण्याच्या एका हॅम मित्राने नवा सेट घेतला तेव्हा जुना मला दिला. त्याशिवाय दोन मीटर बँडचा, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा, हातात धरायचा एक हँडसेट. पाच वॅट ऐकून लोक हसतात, पण मोर्समध्ये, म्हणजे टिंब-रेघांच्या सांकेतिक भाषेत, पाच वॅट पुष्कळ होतात.

आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा शिल्पनिदेशक म्हणून नोकरी झाली, त्यामुळे सर्किटची भीती नव्हती. भीती होती लोखंडाची. खुर्चीच्या फ्रेमला भोक पाडायचं नाही एवढं मला कळत होतं. नळीला भोक पाडलं की नळी तिथे कमजोर होते, आणि वॉरंटी जाते ती वेगळीच. मग शंभर फुटी रोडवर एक वेल्डिंगवाला मिस्त्री आहे, त्याच्याकडे गेलो. त्याने खुर्चीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "सर, ह्याला एक पट्टी मारून टाकतो की. जन्मात निघायची न्हाई." मी म्हटलं, मला नेमकी निघणारीच पाहिजे. तो जरा हिरमुसला. आयुष्यभर न निघणाऱ्या गोष्टी बनवणाऱ्या माणसाला हे पटवायला वेळ लागला, पण एकदा पटल्यावर त्यानेच युक्ती सुचवली. मोटरसायकलच्या हँडलला आरसा बसवायचे क्लॅम्प असतात, दोन पाकळ्यांचे. त्यातला पाना लागणारा बोल्ट काढून त्याने टेबलफॅनला असतो तसा हाताने पिळायचा प्लास्टिकचा नॉब बसवला. आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा, म्हणजे नळीचा पावडर कोटही खरवडत नाही आणि क्लॅम्प फिरतही नाही.

कोणी असलं काही करणार असेल तर क्लॅम्प घ्यायच्या आधी व्हर्नियरने नळी मोजा. व्हीलचेअरच्या नळ्या साधारण बावीस मिलिमीटर किंवा पंचवीस मिलिमीटर असतात, आणि एकाच खुर्चीत दोन्ही असू शकतात. माझ्या खुर्चीत आर्मरेस्टची एक आणि पाठीची दुसरी.

वजन कुठे ठेवायचं हा पुढचा प्रश्न. सगळ्यांना पहिल्यांदा सुचतं ते पाठीमागे सॅक अडकवणं. माझा त्याला ठाम विरोध आहे. एकतर मागची सॅक बसलेल्या माणसाला स्वतःच्या हाताने उघडता येत नाही, म्हणजे परत हाक आलीच. शिवाय मागे वजन टांगलं की रॅम्प चढताना खुर्ची मागे कलंडू पाहते. मागची दोन छोटी चाकं त्यासाठीच असतात, पण ती सपाटीवर आणि बेताच्या चढावर. नियमाप्रमाणे रॅम्प बारा फुटांना एक फूट चढणारा हवा. आमच्याकडच्या एका बँकेत तो निम्म्या लांबीत उरकलाय आणि वर गुळगुळीत फरशी. तिथे मी पासबुक भरायला पुतण्याला पाठवतो.

मग सेट गेला उजव्या बाजूला, आर्मरेस्टच्या आतल्या अंगाला, मांडीजवळ, एका पातळ अॅल्युमिनियमच्या पाळण्यात. बॅटरी सीटखाली पुढच्या बाजूला, दोन पायांच्या मध्ये कापडी झोळीत. हात खाली घातला की बकल लागतं, दाबलं की झोळी मांडीवर.

बॅटरीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे प्रत्येक जाणकार माणूस मला एकच सल्ला द्यायचा. खुर्चीखाली बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत, सिरीजमध्ये, मिळून चोवीस. "त्यातल्या एकीवरनं बारा व्होल्ट काढा की सर, वेगळी बॅटरी कशाला?" दिसायला सोपं आहे. पण एकीवरून करंट काढत राहिलो तर ती दुसरीपेक्षा जास्त उतरते. चार्जर दोघींना एकत्रच चार्ज करतो. त्याला काय माहीत कोण किती उपाशी आहे? एक अर्धपोटी राहते, दुसरीला जास्त होतं, आणि दोन्ही लवकर जातात. व्हीलचेअरच्या बॅटऱ्यांची किंमत ज्याने भरली आहे तो असं करणार नाही. याहून मोठी भानगड पुढे आहे. सेटचा बाहेरचा धातू म्हणजे त्याचा मायनस. अँटेनाच्या केबलमधून तो मायनस खुर्चीच्या फ्रेमला टेकतो. सिरीजमधल्या वरच्या, म्हणजे प्लसकडच्या, बॅटरीवरून सप्लाय घेतला तर तिचा मायनस खुर्चीच्या मायनसपेक्षा बारा व्होल्ट वर बसलेला असतो. आणखी कुठे फ्रेमला मायनस लागलेला असला की सरळ शॉर्ट, तोही आपल्या बुडाखाली. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर लावता येतो, पण ते स्वस्तातले कन्व्हर्टर स्वतःच रेडिओत किरकिर करतात.

म्हणून वेगळी बॅटरी. यूपीएसमधली सात अँपिअर-अवरची लेडची बॅटरी दोन किलोच्या आसपास भरते. त्याऐवजी लिथियम आयर्न फॉस्फेटचे ३२६५० साइजचे चार सेल, प्रत्येकी ३.२ व्होल्ट आणि सहा अँपिअर-अवर, सिरीजमध्ये लावून घेतले. ई-बाइकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्याने स्पॉट वेल्डिंग करून आणि सेलना सांभाळणारं सर्किट (बीएमएस) घालून दिले. वजन पाऊण किलोच्या आत. नुसतं ऐकताना सेट अर्धा अँपिअरसुद्धा खात नाही, पाठवताना दोन अँपिअर. पूर्ण संध्याकाळ ऐकत बसलो तरी बॅटरी दमत नाही. प्लसच्या वायरीला, सेलच्या अगदी जवळ, पाच अँपिअरचा फ्यूज. हा फ्यूज मी विद्यार्थ्यांच्या माथी इतकी वर्षं मारला की स्वतःच्या खुर्चीत न लावणं शक्यच नव्हतं.

आता खऱ्या काळजीची गोष्ट. बॅटरीवरची खुर्ची म्हणजे दोन मोटरी आणि एक कंट्रोलर. जॉयस्टिकपासून कंट्रोलरपर्यंत जाणाऱ्या बारीक वायरी रेडिओच्या दृष्टीने अँटेनाच असतात. बाहेरून जोरदार सिग्नल त्यात शिरला तर कंट्रोलरला वाटू शकतं की माणसाने जॉयस्टिक हलवली. ही कल्पनेतली भीती नाही. मोबाइल आणि वायरलेस सेटमुळे खुर्च्या आपोआप हलू शकतात, असा इशारा औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने १९९०च्या दशकातच दिला होता. त्यानंतर खुर्च्यांची चाचणी रेडिओ लहरींच्या २० व्होल्ट प्रति मीटर इतक्या जोराला करायची पद्धत पडली. ढोबळ हिशेब केला तर पाच वॅटचा सेट एक मीटरवर साधारण १२ व्होल्ट प्रति मीटर देतो आणि अर्ध्या मीटरवर २४. खुर्चीत बसून हातात हँडसेट धरला तर जॉयस्टिक किती लांब असते? हातभर.

तेव्हा आधी चाचणी. पुतण्याने आणि त्याच्या मित्राने खुर्ची अंगणात लाकडी ठोकळ्यांवर चढवली, मागची मोठी चाकं अधांतरी. मी बाहेर, पलंगाच्या कडेला बसलेलो. जॉयस्टिक रबरबँडने किंचित पुढे ओढून बांधली, चाकं संथ फिरायला लागली. मग पुतण्याने हँडसेटची अँटेना जॉयस्टिकजवळ आणून बटण दाबलं. चाकांनी एक उचकी दिली, जॉयस्टिकवरचे दिवे लुकलुकले आणि सगळं ठप्प. मेन स्विच बंद करून पुन्हा चालू केल्यावर ठीक झालं. पोरगं घाबरलं, मला मात्र हायसं वाटलं. गोंधळल्यावर थांबणारी खुर्ची चांगली. पळणारी असती तर सगळा बेतच गुंडाळला असता. अँटेना मीटर-दीड मीटर लांब आणि उंच नेली तेव्हा काहीच झालं नाही. शॉर्टवेव्हवरही काही झालं नाही.

तरी नियम करून टाकला: खुर्चीचा मेन स्विच बंद केल्याशिवाय पाठवायचं नाही. स्विच बंद झाला की मोटरींवरचे विजेचे ब्रेक आपोआप बसतात, खुर्ची जागची हलत नाही. आणखी एक फायदा आयताच मिळाला. खुर्ची चालू असताना ७ मेगाहर्ट्झवर कंट्रोलरची अशी घरघर यायची की सेटवरचा सिग्नलचा जोर दाखवणारा मीटर एस-सातला चिकटून बसायचा. स्विच बंद केला की एस-दोन. भंगारातून आणलेल्या जुन्या मॉनिटरच्या केबलींना जे काळे गठ्ठे असतात, ते फेराइट, तेही सप्लायच्या वायरीला तीनचार वेढे घालून बसवले. त्याने थोडं कमी झालं, पण खरा उपाय स्विच हाच.

पण नियम माणूस विसरतो. कोणीतरी कॉल करत असतं, घाईघाईत उत्तर द्यायला बोट जातं. विसरताच येणार नाही अशी काहीतरी सोय हवी होती. ती लाकडातून निघाली. माझी जॉयस्टिक उजव्या हाताला. तिच्यावर पालथी घालायची एक छोटी पोकळ पेटी करून घेतली, आणि पॅडल, म्हणजे मोर्स पाठवायची बोटाने दाबायची पट्टी, त्या पेटीच्या डोक्यावर. पेटी ठेवली की जॉयस्टिकही झाकली जाते आणि तिच्याशेजारचं चालू करायचं बटणही. पेटी ठेवल्याशिवाय पॅडलला जागाच नाही. म्हणजे पाठवायचं तर खुर्ची चालवता येत नाही, चालवायची तर पाठवता येत नाही. पाठवण्याचं काम मी या सेटवरून फक्त मोर्सनेच करतो, माइक घरीच असतो.

पेटी बनवली मिरजेत. सतारी-तंबोरे बनवणाऱ्या एका कारागिराकडून तूनच्या लाकडाचा उरलेला तुकडा मिळाला, आणि त्यानेच आतून कोरून दिली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्या आनंदात असेल, पैसे घेईना. पेटी इतकी हलकी आणि पातळ की पॅडलचा टकटक आवाज त्यात जरा घुमतो. मला ते आवडतं, वहिनीला नाही. एक खबरदारी सांगतो: पॅडलच्या बुडाशी बहुधा चुंबक असतो, लोखंडी पत्र्यावर चिकटण्यासाठी. जॉयस्टिकमध्ये हॉल सेन्सर असू शकतात आणि ते चुंबकावरच चालतात. म्हणून चुंबक काढून टाकला आणि वेल्क्रो लावलं.

यामुळे सगळा संसार उजवीकडे गेला आणि डावी बाजू पूर्ण मोकळी राहिली. मी डावीकडूनच उतरतो.

अँटेनाचं म्हणाल तर दोन मीटर बँडसाठी गवंडी-सुतारांची स्टीलची मोजपट्टी वापरली. १४५ मेगाहर्ट्झला लहरीची पाव लांबी म्हणजे एकोणपन्नास सेंटिमीटर. तेवढा तुकडा कापून, टोकावरचा रंग पॉलिश पेपरने घासून, केबल डाग देऊन लावली आणि पीव्हीसी पाइपच्या टोकाला बसवली, डोक्याच्या बऱ्यापैकी वर राहील अशी. मोजपट्टीचा गुण असा की वाड्याच्या बुटक्या चौकटीखालून जाताना ती वाकते आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा ताठ होते. रस्त्यात कोणाच्या डोळ्याला लागायची धास्ती कमी. तरी कापलेल्या टोकाला मी टेप गुंडाळलाय, नाहीतर ती धार ब्लेडसारखी कापते.

शॉर्टवेव्हसाठी मासे धरायची घडीची काठी. ती ग्लास फायबरची घ्यायची, कार्बनची नको, कार्बनमधून वीज वाहते. १४ मेगाहर्ट्झला पाव लांबीची वायर पाच मीटर. काठी मांडीवर आडवी ठेवून एकेक पेर बाहेर ओढायचं, वायर दोरीच्या गाठीने अडकवत जायचं, आणि शेवटी उभी करून उजव्या आर्मरेस्टच्या बाहेरच्या पीव्हीसीच्या नळकांड्यात सोडायची. बसून पाच मीटरची काठी उभी करायला जरा खांद्यात जोर लागतो. कुबडीने खांदे बनवून ठेवलेत, तो एक फायदा. काठी उभी करण्याआधी मान वर करून महावितरणच्या तारा बघायच्या. आधी वर बघायचं, मग काठीला हात लावायचा. तार दिसली की ती जागाच सोडायची.

पाव लांबीच्या अँटेनाला खाली जमिनीवर पसरलेल्या वायरी लागतात. खुर्चीची फ्रेम त्यासाठी पुरत नाही. नुसत्या फ्रेमवर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती सिग्नल परत फिरतो ते दाखवणारा आकडा, चढलेला असायचा आणि मी हात लावला की बदलायचा, म्हणजे मीच अँटेनाचा भाग झालेलो. पण खाली वाकून वायरी पसरायच्या कशा? आणि पसरलेल्या वायरी पुढच्या लहान चाकांत गुंततात, हे वेगळं. यावर जो उपाय निघाला त्याचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे. संक्रांतीला पोरं पतंगासाठी चक्री घेतात, तशा दोन चक्र्या. प्रत्येकीवर पाच मीटर बारीक मऊ वायर. वायरीच्या टोकाला आधी नट बांधला होता, तो गवतात अडकायचा आणि ओढताना वायर तुटायची. मग वहिनीने जुन्या साडीच्या कापडाच्या दोन छोट्या पुरचुंड्या शिवून दिल्या, आत वाळू. चक्री मांडीत धरायची, पुरचुंडी हातात घेऊन फेकायची, एक डावीकडे, एक उजवीकडे. वायर सरसर सुटत जाते. निघताना चक्री फिरवली की पुरचुंडी गवतावरून, खड्यांवरून घसरत परत येते. चाकाखाली काही राहत नाही, कारण दोन्ही पुरचुंड्या मांडीवर आल्याशिवाय मी स्विच चालूच करत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येऊ नये म्हणून वायरीचा रंग भडक केशरी घेतलाय.

आमराईत किंवा नदीकाठच्या सपाट रस्त्यावर हे सगळं मांडून बसलो की माणसं जमतात. काठी बघून ठरलेला प्रश्न: "काका, गळ टाकायला निघालाय काय?" दुसरा प्रश्न, "रेंज येत न्हाई व्हय मोबाइलला?" एकदा एका हवालदारांनी गाडी थांबवून चौकशी केली. लायसन्सची लॅमिनेट केलेली प्रत आर्मरेस्टच्या खिशात असते, ती दाखवली. केंद्र सरकारचं आहे म्हटल्यावर त्यांनी काठीकडे, मग माझ्याकडे आणि मग खुर्चीकडे बघितलं आणि विचारलं, "आणि हे ऐकायला कोण असतं?" तेवढ्यात बल्गेरियाचं एक स्टेशन येत होतं. हेडफोन त्यांच्या कानाला लावला. टिटटिट ऐकून ते म्हणाले, "काय सांगतोय?" मी म्हटलं, आपलं नाव सांगतोय आणि आपल्याला चांगलं ऐकू येतंय का विचारतोय. बराच वेळ ऐकत उभे राहिले.

सूर्याचं सध्याचं अकरा वर्षांचं चक्र २०२४च्या सुमारास भरात आलं, त्यामुळे या काळात पाच वॅटवर संध्याकाळी १४ आणि २१ मेगाहर्ट्झवर बरंच काही मिळालं. सकाळी ७ मेगाहर्ट्झवर भारतातली स्टेशनं. त्यासाठी वायर लांब लागते, मग मी ती झाडावर टाकून घेतो. इथे मात्र हाक मारावी लागते, झाड काही माझ्या उंचीचं नसतं.

एक गंमत आधी लक्षातच आली नव्हती. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा १४५.८०० मेगाहर्ट्झवर कधी बोलणं, कधी चित्रं येतात. पीडी-१२० पद्धतीचं एक चित्र दोन मिनिटांत येतं, आणि स्थानक एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंत दहा मिनिटांत जातं. चांगलं ऐकायचं तर हातात यागी, म्हणजे एका दिशेचं जास्त ऐकणारी अँटेना, धरून स्थानकाच्या मागे वळत राहावं लागतं. कुबडीवर असताना हे मला कधीच जमलं नाही. एका पायावर गोल फिरणं ही माझ्यासाठी पडण्याची पद्धत होती. आता डाव्या हातात मोजपट्टीची तीन दांड्यांची यागी, उजव्या हाताने जॉयस्टिक किंचित बाजूला. खुर्ची जागच्या जागी सावकाश वळते. पैसे मोजून रोटेटर, म्हणजे अँटेना फिरवणारी मोटर, घेणारे मित्र आहेत माझे. माझा सीटखालीच आहे. हे फक्त ऐकण्यापुरतं, त्यामुळे स्विचचा नियम मोडत नाही.

लायसन्सबद्दल विचारणाऱ्यांसाठी: परीक्षा केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची, अर्ज सरल संचार पोर्टलवर. खालच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही, वरच्या जनरलला मिनिटाला आठ शब्दांचा लागतो. आमच्या काळी राजीव गांधी स्वतः हॅम होते, हवेतलं त्यांचं नाव (कॉलसाइन) व्हीयू-टू-आरजी, म्हणून कॉलेजच्या पोरांत या छंदाची हवा होती. चालता न येणाऱ्या माणसाला यात काही सवलत लागत नाही. हवेत गेल्यावर कोणाला खुर्ची दिसत नाही, हे खरं आहे, पण मी ते मुद्दाम सांगतो. "स्टेशन व्हीलचेअरवर" असं मोर्समध्ये पाठवलं की समोरचा हमखास आणखी दोन प्रश्न विचारतो, आणि मग क्लॅम्पवर गप्पा होतात.

उतरवण्याचं राहिलं. वाड्याच्या माजघराबाहेर वरच्या सज्जाला एक जुनी कप्पी आहे, पूर्वी त्यावरून हळदीची पोती माळ्यावर चढवत. तिला नवा दोर घातला. पावसाळा लागला की सरावासाठी अधूनमधून करून बघतो. पेटी काढायची, सेटच्या पाळण्याचा नॉब पिळायचा, बॅटरीचं बकल, चक्र्या, मोजपट्टी, सगळं एका ताडपत्रीच्या पिशवीत. पिशवी आकड्याला. खुर्चीचा स्विच बंद, ब्रेक लागलेले, आणि बसूनच दोर ओढायचा. पिशवी तीनचार किलोची. सज्जात गेली की दोर खुंटीला गुंडाळायचा. वर वहिनी असतेच, ती आत घेते, पण नसली तरी पिशवी पाण्याच्या वर राहते.

खुर्ची बॅटऱ्यांसकट पन्नास किलोच्या वर आहे. कप्पीला ते झेपायचं नाही, आणि मलाही. तिच्यासाठी पुतण्या आणि शेजारचे दोघे लागतात, नदी चाळिसाच्या पुढे सरकली की त्यांना आधीच सांगून ठेवतो.